सीलला पाण्याइतकीच कोरडी जागाही हवी

श्रोतेहो, नमस्कार.

सील हा समुद्रातला प्राणी असे आपण सहज म्हणून जातो, पण त्याचे अर्धे आयुष्य पाण्याबाहेरच्या जागेवर अवलंबून असते. भक्ष्य तो पाण्यात पकडतो. विश्रांतीसाठी, जुने केस झडून नवे येईपर्यंत, आणि मुख्य म्हणजे पिल्लांना जन्म देऊन दूध पाजण्यासाठी त्याला किनारा, खडक किंवा बर्फ लागतो. पाण्यात चपळ असणारा हा प्राणी तिथे मात्र जड शरीर ओढत सरकतो, आणि माणसाने त्याला गाठले ते प्रामुख्याने तिथेच.

अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत फर आणि चरबीचे तेल यांसाठी सीलांची अफाट कत्तल झाली. उत्तर प्रशांत महासागरातले एलिफंट सील एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस संपलेच असे मानले जात होते; मेक्सिकोच्या ग्वादालूप बेटावर मूठभर प्राणी तेवढे उरले होते. मेक्सिकोने 1922 मध्ये त्यांना संरक्षण दिले आणि आज त्यांची संख्या दीड लाखाहून अधिक आहे. ही गोष्ट नेहमी आनंदाने सांगितली जाते, पण हे सगळे प्राणी त्या मूठभरांचेच वंशज असल्यामुळे त्यांच्यातली जनुकीय विविधता फारच कमी आहे, हे सांगायचे राहून जाते. कॅरिबियन समुद्रातल्या मंक सीलला तर एवढीही संधी मिळाली नाही. 1494 मध्ये कोलंबसाच्या खलाशांनी त्यातले काही मारल्याची नोंद आहे, आणि 1952 नंतर तो कुणाला दिसल्याची खात्रीलायक नोंद नाही.

शिकारीवर कायद्याचा उपाय पुष्कळ अंशी लागू पडला. 1911 मध्ये अमेरिका, ब्रिटन, जपान आणि रशिया यांनी फर सीलांसाठी करार केला. अंटार्क्टिकातल्या सीलांच्या रक्षणाचा करार 1972 मध्ये झाला. युरोपीय संघाने 2009 मध्ये सीलच्या उत्पादनांच्या व्यापारावर बंदी घालताना इन्युइट आणि इतर आदिवासी समाजांच्या पारंपरिक शिकारीला सूट दिली. ही सूट मला योग्य वाटते, कारण पोटासाठी होणारी शिकार आणि बाजारासाठी होणारी कत्तल यांना एकच माप लावता येत नाही.

आजची संकटे मात्र अशी आहेत की त्यांत पकडायला शिकारीच सापडत नाही. फिनलंडमधल्या सायमा सरोवरात, समुद्रापासून तुटून राहिलेल्या रिंग्ड सीलची एक वेगळी उपजात आहे. तिची संख्या जेमतेम काहीशे आहे. तिची मादी किनाऱ्यालगत साचलेल्या बर्फाच्या ढिगाऱ्यात बीळ करून त्यात पिल्लू वाढवते. हिमवर्षाव पुरेसा झाला नाही तर बीळ होत नाही, आणि उघड्यावरचे पिल्लू थंडीला आणि कोल्ह्यांना बळी पडते. म्हणून तिथे कमी हिमाच्या हिवाळ्यात स्वयंसेवक फावड्याने बर्फ ओढून कृत्रिम ढिगारे रचतात, आणि पिल्ले पोहायला लागण्याच्या काळात जाळ्यांनी मासेमारी करण्यावर निर्बंध असतात. या माणसांच्या चिकाटीला दाद द्यावी तेवढी थोडीच. पण तापत चाललेल्या हवामानात दर हिवाळ्याचा बर्फ माणसाने किती काळ आणि किती ठिकाणी रचायचा?

जाळ्यांचा प्रश्न सायमापुरता नाही. श्वासासाठी पृष्ठभागावर यावेच लागणारा सील पाण्याखालच्या जाळ्यात अडकला की बुडून मरतो. टाकून दिलेल्या जाळ्याचा तुकडा किंवा खोक्याला बांधायची प्लास्टिकची पट्टी कुतूहलापोटी एखाद्या पिल्लाने गळ्यात अडकवून घेतली, तर पिल्लू वाढत जाते आणि पट्टी तेवढीच राहते. अखेरीस ती कातडी कापत आत रुतते.

रोगराईचा वेग याहून भयंकर असतो, कारण सील दाटीवाटीने किनाऱ्यावर जमतात. 1988 मध्ये वायव्य युरोपात डिस्टेंपर या रोगाच्या विषाणूने सुमारे 18 हजार सील मेले आणि 2002 मध्ये ही साथ पुन्हा आली. 2023 मध्ये बर्ड फ्लूचा एच5एन1 विषाणू अर्जेंटिनाच्या वाल्देस द्वीपकल्पावर पोहोचला, तेव्हा तिथल्या एलिफंट सीलांची त्या हंगामातली जवळजवळ सगळी पिल्ले, म्हणजे सुमारे 17 हजार, दगावली.

अशा वेळी शिकारबंदीच्या जोडीला सीलांच्या प्रजननाच्या जागा राखणे, त्या काळात तिथली मासेमारी आवरणे आणि पर्यटकांच्या बोटी व ड्रोन दूर ठेवणे अटळ ठरते. घाबरलेला कळप पाण्याकडे धावला की लहान पिल्ले चिरडतात किंवा आईपासून तुटतात. किनाऱ्यावर एकटे पिल्लू दिसले तरी ते अनाथच असेल असे नाही. हार्बर सीलची मादी पिल्लाला ठेवून भक्ष्य शोधायला जाते. कुठल्याही सीलच्या अशा पिल्लाला उचलू नये, आणि पाण्यात तर मुळीच ढकलू नये, कारण ग्रे सीलच्या पिल्लाचे पांढरे केस पाण्यात उब टिकवण्यासाठी नसतात. लांब उभे राहावे, कुत्री आवरावीत आणि त्या भागातल्या वन्यजीव बचाव पथकाला कळवावे.