कुणीतरी म्हणजे कोण?

(स्वयंसेवकांच्या प्रशिक्षण वर्गात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. आत्ता माझी ओळख करून देताना 'हजारो जीव वाचवणाऱ्या' असं काहीतरी म्हटलं गेलं. तसं काही नाही हो. मी नऊ वर्षं कानाला हेडफोन लावून खुर्चीत बसले. आपत्कालीन क्रमांकावरचा फोन घ्यायचा, कुठे काय झालंय ते काढून घ्यायचं आणि गाडी रवाना होतेय ना ते बघायचं, एवढंच माझं काम. जीव वाचले असतील तर ते तिथे हजर असलेल्या माणसांमुळे.

नोकरीला लागले तेव्हा वाटलं होतं, पलीकडून नुसती रडारड ऐकू येईल. ती यायचीच. पण सगळ्यात जास्त वेळा कानावर पडलेलं वाक्य होतं, "कुणालातरी पाठवा, लवकर!" कुठे पाठवू? "आमच्याकडे!"

हसताय, पण तुम्हीही तेच म्हणाल. माणूस घाबरला की पत्ता सगळ्यात आधी डोक्यातून उडतो. एका रात्री एका गृहस्थांचा फोन आला. त्यांची आई न्हाणीघरात पडली होती, डोक्यातून रक्त येत होतं. पत्ता विचारला तर म्हणाले, "अहो, मेन रोडवरून आत आलं की नेहमीचाच रस्ता." नेहमीचा त्यांच्या! तीनदा विचारलं, तीनदा ओरडले. मग फोन कुणीतरी हातातून घेतला. आठ-नऊ वर्षांची मुलगी असावी. तिला म्हटलं, "बाळा, घरात पत्ता लिहिलेला एखादा कागद आहे का गं?" ती पळत गेली आणि विजेचं बिल घेऊन आली. आधी तिने मला ग्राहक क्रमांक वाचून दाखवला, मग बिल भरायची शेवटची तारीख, आणि मग पत्ता. शाळेत धडा वाचतात तसा, स्वल्पविरामाला थांबून. मी मधे बोलले नाही. थांबवलं असतं तर तीही घाबरली असती.

तेव्हा पहिली गोष्ट ही, की फोन लागला की आधी जागा सांगा. फोन मधेच तुटला तरी जागा कळलेली असली म्हणजे कुणी ना कुणी पोहोचतं. पुढचे प्रश्न ऐकून लोक चिडतात, "चौकशा कसल्या करताय, गाडी पाठवा!" आमच्याकडे पत्ता मिळाला की शेजारच्या खुर्चीवरचा सहकारी गाडीला निरोप देत असे आणि माझे प्रश्न त्याच वेळी चालू असत. शुद्ध आहे का, श्वास चालू आहे का, हे मी वेळ काढायला विचारत नव्हते. हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती कुणी दाबत नसेल, तर त्याच्या वाचण्याची शक्यता दर मिनिटाला ७ ते १० टक्क्यांनी घटते. गाडी कितीही वेगात आली तरी तिला काही मिनिटं लागणारच. तोवर मिनिटाला १०० ते १२० वेळा छाती कशी दाबायची, ते मी फोनवरून सांगू शकते. तुम्ही फोन ठेवलात तर नाही सांगू शकत.

आपत्कालीन मदतीसाठी एकच, लहानसा, तोंडपाठ होणारा क्रमांक असतो, हे आज आपण गृहीत धरतो. ही कल्पना आली लंडनमधल्या एका आगीतून. नोव्हेंबर १९३५ मध्ये एका डॉक्टरांच्या घराला आग लागून पाच स्त्रिया दगावल्या. समोर राहणाऱ्या शेजाऱ्याने अग्निशमन दलाला फोन लावला होता, पण टेलिफोन एक्स्चेंजने त्याला इतरांसारखंच रांगेत ठेवलं. संतापून त्याने वर्तमानपत्राला पत्र लिहिलं, चौकशी बसली, आणि ३० जून १९३७ रोजी तिथे ९९९ हा क्रमांक सुरू झाला. तो फिरवला की एक्स्चेंजमध्ये लाल दिवा लागायचा आणि भोंगा वाजायचा. भोंग्याचा आवाज इतका कर्कश होता म्हणे, की तिथे फोन जोडून देणाऱ्या मुलींनी त्यात टेनिसचा चेंडू कोंबला. त्या मुलींबद्दल मला फार आपुलकी वाटते.

पण क्रमांक झाला म्हणून प्रश्न मिटला नाही. तो फिरवायचा कुणी?

१९६८ साली जॉन डार्ली आणि बिब लाताने या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. न्यूयॉर्कमधल्या विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून माइकवरून एकमेकांशी बोलायला लावलं. बोलता बोलता त्यातल्या एकाला फिट आली, म्हणजे तसं ऐकवलं गेलं. ऐकणारे आपण एकटेच आहोत अशी समजूत असलेल्यांपैकी ८५ टक्के जण फिट संपायच्या आत मदतीला उठले. आपल्यासारखे आणखी चौघं ऐकताहेत असं वाटत होतं, त्यांच्यातले उठले फक्त ३१ टक्के. आता यावरून लोक माणुसकी विसरले वगैरे प्रवचन झोडता येतं. मी झोडणार नाही, कारण जे उठले नाहीत तेही निवांत बसले नव्हते. त्यांचे हात थरथरत होते, तळव्यांना घाम फुटला होता, संशोधक आत आल्यावर त्यांनी पहिलं काय विचारलं असेल, तर "तो बरा आहे ना?" प्रत्येकाला वाटत होतं की कुणीतरी गेलं असेल.

दुसरी बाजूही ऐका. २०१९ मध्ये ॲम्स्टरडॅम, लँकेस्टर आणि केपटाऊन इथल्या रस्त्यांवरच्या भांडणांची कॅमेऱ्यांत टिपलेली २१९ चित्रणं तपासली गेली. दहापैकी नऊ प्रसंगांत निदान एक बघ्या तरी मधे पडला होता. मला यात विरोध दिसत नाही. काय चाललंय ते डोळ्यांना स्वच्छ दिसलं की माणसं धावतात. नक्की झालंय काय, आणि त्यात माझं काम कुठलं, हे कळेनासं झालं की ती खिळून उभी राहतात. म्हणून गर्दीत 'मदत करा हो' असं ओरडू नका. एकाकडे बोट दाखवा. "निळा शर्टवाले दादा, तुम्ही फोन लावा आणि मला सांगा काय म्हणतात ते. ताई, तुम्ही फाटकाशी उभ्या राहा, गाडीला आत आणा. ए, तू लिफ्ट धरून ठेव." परक्या माणसाला असा हुकूम सोडायचा संकोच वाटतो. त्यांना मात्र सुटल्यासारखं होतं, हे मी फोनवरून कितीदा तरी ऐकलं आहे.

हे झालं एका घराचं. भूकंपासारख्या संकटात एकाच वेळी हजारो घरांतून फोन जातात, तेव्हा यंत्रणा सगळीकडे पोहोचणं शक्यच नसतं. १७ जानेवारी १९९५ च्या पहाटे जपानमध्ये कोबेचा भूकंप झाला. ढिगाऱ्यातून जिवंत निघालेल्यांपैकी बहुतेकांना बाहेर काढलं ते घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी. भूकंपाच्या केंद्राजवळच्या अवाजी बेटावर होकुदान नावाचं लहानसं गाव होतं. तिथे सुमारे तीनशे माणसं गाडली गेली होती आणि शोधाचं काम त्याच दिवशी संपलं. अवजड यंत्रं होती म्हणून नव्हे. गावातल्या स्वयंसेवी अग्निशमन पथकाला आणि शेजाऱ्यांना कोण कुठल्या खोलीत झोपतं हे ठाऊक होतं, त्यामुळे त्यांनी सगळा ढिगारा न उपसता नेमकं तिथेच उकरलं.

त्याच वर्षीच्या जुलैमध्ये शिकागोत उष्णतेची लाट आली आणि ७०० हून जास्त माणसं गेली. त्यात घरात एकटे राहणारे म्हातारे पुष्कळ होते. एकमेकींना लागून असलेल्या, जवळपास सारख्याच गरीब अशा दोन वस्त्यांतल्या मृत्यूंच्या प्रमाणात दहापटीचा फरक निघाला. जिथे रस्ते गजबजलेले होते, दुकानं चालू होती, तिथले म्हातारे घराबाहेर पडत होते आणि दिसले नाहीत तर कुणाच्या तरी लक्षात येत होतं. लाट कधी येणार ते सांगणारी यंत्रणा हवीच. पण दोन दिवस कोण दिसलं नाही, हे ती कुठून सांगणार?

आणि सगळ्याच संकटांत भोंगा वाजत नाही. नोकरी जाते, घरात मारहाण होते, जगणं नको वाटायला लागतं. १९५३ मध्ये लंडनमधले एक धर्मगुरू, चॅड व्हारा, यांनी आत्महत्येचा विचार मनात येणाऱ्यांसाठी एक फोन सुरू केला. समुपदेशन ते स्वतः करायचे. भेटायला येणाऱ्यांची रांग वाढली, तसे काही स्वयंसेवक बाहेरच्या खोलीत चहा द्यायला आणि गप्पा मारायला बसू लागले. थोड्याच दिवसांत व्हारांच्या ध्यानात आलं, की पुष्कळ जण बाहेरच मन मोकळं करून परत जाताहेत, आत येण्याची त्यांना गरजच उरलेली नाही. पुढच्या वर्षी त्यांनी ऐकण्याचं काम त्या स्वयंसेवकांकडेच सोपवलं. तुमच्या मनात असा विचार येत असेल, किंवा जवळच्या कुणी बोलून दाखवला असेल, तर हेल्पलाइन त्यासाठीच असते. 'एवढ्याशासाठी कशाला फोन' हा प्रश्न तिथे कुणी विचारत नाही.

आता जरा स्वतःचं सांगते. यजमान गेले, त्यानंतर महिनाभर घरात माणसं येत-जात होती. निघताना प्रत्येक जण म्हणायचा, "काही लागलं तर सांगा हं." मीही म्हणायचे, "हो हो." मनापासूनच म्हणायचे सगळे. पण काय लागतंय ते ओळखायचं, कुणाला सांगायचं ते ठरवायचं, मग शब्द जुळवून फोन करायचा, हे सगळं काम त्या वाक्याने माझ्यावरच टाकलेलं असायचं. नऊ वर्षं लोकांना 'नेमकं सांगा' म्हणून शिकवलेली मी, एकालाही फोन केला नाही.

वरच्या मजल्यावर एक बाई राहतात. तोवर आमचं बोलणं जिन्यातल्या हसण्यापुरतं. त्या एका संध्याकाळी दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "मी रोज सकाळी सातला खाली जाते. तुमची कचऱ्याची पिशवी दाराबाहेर ठेवा, मी नेत जाईन." एवढंच. काही लागलं तर वगैरे नाही. दुसऱ्या दिवशी मी पिशवी ठेवली. तिसऱ्या दिवशी ठेवायची विसरले, तर त्यांनी बेल वाजवली. मी दार उघडलं तेव्हा आंघोळ करून मला दोन दिवस झाले होते, हे त्यांना दिसलं असणारच. त्या आत येऊन बसल्या.

आता त्यांची किल्ली माझ्याकडे असते आणि माझी त्यांच्याकडे. त्यांचं आडनाव मला अजूनही नीटसं माहीत नाही. त्या कुठल्या खोलीत झोपतात, ते माहीत आहे.