लोंब्यांचा तारा

(दृश्य: मुंबईतलं मरोळ गावठाण. डिसेंबरातली सकाळ, एका जुन्या घराचा ओटा.)

नाताळचा तारा म्हणजे कागदाचा, आत दिवा असलेला. तसा एक या दारावर आहेच. पण अंगणातल्या पेरूवर दुसरा टांगलाय, पाखरांसाठी, भाताच्या लोंब्यांचा. काल बांधला आणि आज त्याचं एक टोक रिकामं झालंय.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी ईस्ट इंडियनांचा, म्हणजे मुंबईतल्या मूळच्या मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती लोकांचा, आगेरा हा सुगीचा सण असतो. नव्या भाताच्या लोंब्या आशीर्वादासाठी चर्चमध्ये नेतात. मरोळची शेतं कधीच इमारतींखाली गेली, लोंब्या मात्र अजून येतात. त्यातलीच एक जुडी या घरातल्या मावशींनी सुकवून ठेवली होती. दसऱ्याच्या तोरणात तरी दुसरं काय असतं? झेंडू तिसऱ्या दिवशी मान टाकतो आणि तोरण दाण्यांसकट कचऱ्यात जातं.

(दृश्य: हात, सुतळी, कामट्या.)

आकाशकंदिलाला लागतात तशाच पाच कामट्या. सांधे सुतळीने आवळायचे. नायलॉनचा दोरा नाही. त्यात पाय अडकला की पाखरू संपलं, संक्रांतीला मांजा दाखवतोच. चमकी नाही, रंग नाही. लोंब्या देठाकडून बांधायच्या, दाणे खाली मोकळे झुलले पाहिजेत.

सगळी गंमत त्या झुलण्यात आहे. मूठभर दाणे जमिनीवर फेकले की कबुतरांचा थवा उतरतो, आणि २०२५मध्ये कबुतरखान्यांवरून मुंबईत केवढं रान उठलं ते आठवत असेलच. झुलत्या लोंबीवर कबुतराच्या जड अंगाला टेकायला जागाच नाही. चिमणी नि मुनिया मात्र देठाला लटकून एकेक दाणा सोलतात.

अमेरिकेत पाइनच्या शंकूला पीनट बटर फासून त्यावर दाणे चिकटवतात. तिथल्या बर्फात ते ठीक. आपल्याकडे डिसेंबरातही दुपारी पारा तिशी ओलांडतो. ते पातळ होऊन पिसांना लागायचं.

“मावशी, बुलबुलाला काय?”

“त्याला पेरू. अर्धा चिरून काडीला खोचायचा. संध्याकाळी उरला तर काढायचा, नाहीतर मुंग्या.”

खारीसाठी करवंटी, आत ओल्या खोबऱ्याचा तुकडा. फरसाण, बिस्किटं, मीठ लावलेले शेंगदाणे अजिबात नाहीत. दाण्याला बुरशी दिसली की ती लोंबी उतरवायची.

(दृश्य: ओट्यावर तुसाचा सडा.)

मावशी केरसुणी घेऊन कुरकुरतायत, “आत्ताच तर झाडलं होतं.” वर खारीने खोबरं संपवून करवंटीची सुतळी कुरतडायला घेतलीये.