दोन मिनिटांची धास्ती

नमस्कार श्रोतेहो.

१८ ऑगस्ट २०२२. दहीहंडीचा आदला दिवस. श्रीवर्धन तालुक्यात हरिहरेश्वरच्या किनाऱ्याजवळ एक बोट लाटांवर हेलकावे खाताना दिसली. चांगली सोळा मीटर लांब, आणि आत माणूस नाही. पोलिसांनी तपासलं तर तीन एके-४७ रायफली आणि काडतुसं निघाली. रायगडात नाकाबंदी झाली, मुंबईला सावधगिरीचा इशारा गेला आणि आपल्या किनाऱ्यावर घराघरांत तोच विषय. त्याच दिवशी विधानसभेत खुलासा झाला. बोट एका ऑस्ट्रेलियन बाईंच्या मालकीची होती. मस्कतहून युरोपकडे जाताना जून महिन्यात भर समुद्रात तिचं इंजिन बंद पडलं, माणसांना एका कोरियन जहाजाने वाचवलं आणि रिकामी बोट वाहत वाहत इकडे आली.

खुलासा ऐकून सगळ्यांचा जीव भांड्यात पडला, आणि गोष्टीतली जानच गेली.

आजचं माझं बोलणं मुख्यतः कॉलेजात मल्टिमीडिया, पत्रकारिता असे विषय घेतलेल्या मुलामुलींसाठी आहे. पाच-सहा जणांचा गट करून एका थरारपटाची फक्त सुरुवात चित्रित करायची, असं काम त्यांना प्रकल्प म्हणून मिळतं. पूर्ण सिनेमा नाही; पहिली दोन मिनिटं, तीही पडद्यावर येणाऱ्या नावांसकट. घरातल्या वडीलधाऱ्यांनीही ऐकावं. पोरं मोबाइल घेऊन संध्याकाळी किनाऱ्यावर नक्की काय करतात, ते कळेल.

तर मुलांनो, ही हरिहरेश्वरची बोट तुम्हाला दोन मिनिटांत दाखवायची असेल तर कुठे थांबाल? बहुतेक गट रायफलींवर थांबतील. मी त्याच्याही आधी थांबेन. आत कुणी नाही, स्वयंपाकाच्या ओट्याखाली एक कप इकडून तिकडे घरंगळतोय, आणि बाहेरून कुणीतरी विचारतंय, "खयसून इली रे ही व्हडी?" बस्स. रायफल दिसली की प्रेक्षकाला उत्तर मिळालं. घरंगळणाऱ्या कपाने प्रश्नच पडतो, आणि सुरुवातीला आपल्याला तेवढंच हवं असतं.

आपल्याकडची मुलं थरार म्हटलं की पहिल्यांदा भुताकडे धावतात. हडळ, वेताळ, पिंपळ, पांढरी साडी. मला हे अजिबात पटत नाही. एक तर ते इतकं पाहून झालंय की हसू येतं. दुसरं, मुलं ज्याला भुतांतच धरतात तो देवचार आपल्या गावातल्या कितीतरी माणसांसाठी राखणदार आहे. त्याचं नाव घेऊन ती माणसं वाट चालतात. त्याला मेकअप लावून उभा करायचा आणि दचकवायचं, हे बरं दिसत नाही. आणि तिसरं, भुताला कारण लागत नाही. थरारपटाला लागतं. कुणाला तरी काहीतरी हवंय, कुणीतरी काहीतरी लपवतंय, एवढं तरी खाली वाहत असावं लागतं.

मग धास्ती आणायची कुठून? आपल्या रोजच्या माहितीतून. एक उदाहरण देते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. होड्या वर ओढून, माडाच्या झावळ्या विणून केलेल्या झापांनी शाकारून ठेवलेल्या असतात. आता आषाढातल्या संध्याकाळी कुणाला लांब समुद्रात एक दिवा दिसला, तर? मुंबईच्या प्रेक्षकाला त्यात काही वाटणार नाही. हर्णै, जयगड, मालवण, वेंगुर्ल्याचा माणूस मात्र जागेवरून उठेल.

चला, यावरच दोन मिनिटं बांधून बघू. पाऊस नुकताच उघडलाय, पागोळ्या गळताहेत. एक मुलगी खिडकी लावायला येते आणि थांबते. समुद्राकडे बघते. समुद्र आपल्याला दाखवायचाच नाही. फक्त तिचा चेहरा. यामुळे पावसाळ्यात समुद्रात जाऊन दिवा लावायची भानगडही वाचते, आणि कुणी तसं करायला जाऊही नये. पुढचा शॉट: ती वाडीच्या कडेला येते, शाकारलेल्या होड्यांवरून नजर फिरवते. एका जागी झाप आहेत, खाली आधाराची लाकडं आहेत, होडी नाही. ती वडिलांना फोन लावते. "बाबा, कुठे आहात?" "रत्नागिरीत गो. उद्या येतो सकाळी." आणि त्यांच्या आवाजामागे बोटीच्या इंजिनाची धडधड. मुलगी फक्त "बरं" म्हणते. घरात येते, ओटीवरचा दिवा मालवते. अंधारात सिनेमाचं नाव.

बघा, एक मुलगी, एक घर, एक फोन. वडील तर दिसतही नाहीत. पण वडील खोटं बोलले हे तिच्याबरोबर आपल्यालाही कळलं, आणि तिने दिवा का मालवला हे मात्र फक्त तिलाच माहीत आहे. दचकवणं एका क्षणात संपतं. प्रेक्षकाला थोडं कळलेलं आणि थोडं न कळलेलं असेल, तर तो खुर्चीवरून हलत नाही.

आता मी रेडिओवर बोलतेय म्हणून आवाजाची बाजू घेतेय असं समजू नका, पण मुलांच्या कामात सगळ्यात हेळसांड होते ती आवाजाची. चित्र थोडं हललेलं चालतं. आवाज फाटला की माणूस उठून जातो. किनाऱ्यावर मोबाइलच्या माइकवर वारा आदळतो आणि नुसती फरफर ऐकू येते. त्यावर उपाय असा की, बोलणाऱ्याजवळ दुसरा मोबाइल लपवायचा, त्याच्या माइकवर स्पंज किंवा लोकरीचा तुकडा बांधायचा आणि आवाज त्यात घ्यायचा. शॉट सुरू होताना कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवायची. नंतर टाळीचं चित्र आणि टाळीचा आवाज जुळवले की दोन्ही बरोबर बसतात. प्रत्येक जागी सगळ्यांनी गप्प बसून अर्धा मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करायची. स्वयंपाकघराची शांतता वेगळी, माडाच्या बागेतली वेगळी. संकलनात दोन वाक्यांमधली भोकं बुजवायला तीच कामी येते.

काही आवाज नंतर वेगळे करून घालावे लागतात. या कामाला फोली म्हणतात, हॉलिवूडमधल्या जॅक फोली या माणसाच्या नावावरून. आपल्याकडे सामान अंगणातच आहे. जांभ्याच्या खडीवर चप्पल, आंब्याच्या सुक्या पानांवर अनवाणी पाय, ओढत नेलेली झावळी, विहिरीच्या रहाटाची कुरकुर. आणि रातकिडे. माणूस जवळ आला की ते गप्प होतात, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. पडद्यावर रातकिडे एकदम थांबले, तर पाठीमागे कोण आलंय हे दाखवायची गरज उरत नाही. इंटरनेटवरून उचललेला ढॅण्ण करणारा आवाज मात्र कृपा करून घालू नका. संगीत हवंच असेल तर गावात दशावतारात पखवाज वाजवणारे कुणीतरी असतातच. त्यांना विचारा, चार थापा वाजवून देतील. शिवाय कुणाच्या हक्काचा प्रश्न येणार नाही. त्यांचं नाव मात्र पडद्यावर द्या.

आणि त्या फोनमागच्या इंजिनासाठी दाभोळ-धोपावे फेरीबोटीवर जाऊन आवाज आणू नका. तिचं इंजिन मोठं. बंदरावर कुणा तांडेलांना, म्हणजे होडी चालवणाऱ्यांना सांगा, "काका, जरा इंजिन चालू करता का?" किनाऱ्यावरच्या प्रेक्षकाचा कान तिखट असतो, हो.

कॅमेऱ्याबद्दल मी थोडक्यात सांगते. मोबाइल पुरेसा आहे. आधी तो फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर ऐन शॉटमध्ये मावशीचा फोन येतो. पडद्यावर बोट दाबून धरून फोकस आणि उजेड पक्का करा. घरातल्या दिव्याखाली चित्रात पट्टे थरथरताना दिसले तर घाबरू नका. आपली वीज ५० हर्ट्‌झची, दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, आणि मोबाइल मुळात सेकंदाला ३० चित्रं घेत असतो. ती २५ करा, शटर सेकंदाचा एक पन्नासांश किंवा एक शतांश ठेवा, पट्टे जातात. रात्रीचा प्रसंग काळोखात घेऊ नका, चित्र मुंग्या आल्यासारखं दिसतं. सूर्य बुडाल्यावर वीसेक मिनिटं निळसर उजेड असतो, त्यात उजेडाचं माप थोडं खाली ओढा. पडद्यावर रात्र होते. पण वीस मिनिटं म्हणजे वीसच, तेव्हा शॉटचा क्रम, कोण कुठे उभं राहणार, हे दुपारीच ठरलेलं हवं.

समुद्र चौकटीत असेल तर मात्र मोठी अडचण येते. पहिल्या शॉटमध्ये पाणी पायाशी, दुसऱ्यात पंचवीस पावलं लांब! इथे आपल्या आजोबांचं गणित वापरा. तिथीला पाऊणने गुणायचं, की भरतीची वेळ निघते. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन. तीनला भरती, नऊला ओहोटी. अष्टमीला सहाला भरती, बाराला ओहोटी. शुद्ध असो वा वद्य, हिशेब तोच, आणि तिथी भिंतीवरच्या कॅलेंडरात आहे. आता गंमत बघा. अमावास्येला किंवा पौर्णिमेला पंधरा पाऊणे सव्वाअकरा. म्हणजे ओहोटी संध्याकाळी सव्वापाच-साडेपाचच्या सुमारास. शिवाय उधाणाचे दिवस, त्यामुळे पाणी खूप आत जातं. थंडीत सूर्य सहाच्या आसपास बुडतो. ओल्या वाळूचं भलं मोठं मैदान आणि त्यात आभाळ, हे याच संध्याकाळी मिळतं. काही राहिलं तर उद्या-परवा धावू नका, वेळ रोज पाऊण तासाने पुढे सरकते; पंधरा दिवसांनी या, पाणी पुन्हा तिथेच भेटेल. खडकांत असाल तर एकाने फक्त पाण्यावर लक्ष ठेवायचं, कारण परतीची भरती काळोखात येते.

आणखी एक. डिसेंबरात जुलै होत नाही. सड्यावरचं, म्हणजे वरच्या कातळपठारावरचं गवत तोपर्यंत पिवळं पडलेलं असतं. प्रकल्प थंडीत द्यायचा असेल तर गोष्टही थंडीतलीच लिहा.

परवानगीचं काय? किनाऱ्यावर काळोखात पाच जण, हातात बॅग, बॅटरीचे झोत. हे दृश्य पाहून गावकरी पोलिसांना फोन करणारच, आणि त्यांचं बरोबरच आहे. १९९३ साली मुंबईच्या बॉम्बस्फोटांसाठीची स्फोटकं रायगडातल्या दिघी आणि शेखाडीला उतरली होती. किनारपट्टीच्या गावांत सागर रक्षक दलाची माणसं आजही नजर ठेवून असतात. म्हणून ग्रामपंचायतीत, पोलीस पाटलांकडे आणि पोलीस ठाण्यात आधी कागद द्या, कॉलेजचं पत्र जोडा. खेळण्यातली बंदूक उघड्यावर नकोच. विजयदुर्ग, सिंधुदुर्ग हे पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखालचे किल्ले. तिथे त्यांची परवानगी लागते. ड्रोनचे नियम वेगळे आणि कडक आहेत. माझं विचाराल तर दोन मिनिटांत ड्रोन हवाच कशाला? वरून पाहिलं की समुद्र सुंदर दिसतो, आणि सुंदर दिसला की भीती गेली.

गटाबद्दल सांगायचं तर, पाच जणांत पाच दिग्दर्शक असतात. सगळं कागदावर उतरेपर्यंत पाचही जणांनी भांडावं. शूटिंगच्या दिवशी एकाचंच ऐकायचं. जिला कुणी काम देत नाही, जी गप्प असते, तिला सातत्य सांभाळायला द्या. मुलीच्या ओढणीची गाठ कोणत्या खांद्यावर होती, केस ओले होते की सुके, फोन डाव्या हातात की उजव्या, हे ती लिहून ठेवेल. संकलनाच्या रात्री सगळे तिच्याच वहीवर जगतात. आणि ज्याच्या घरी होडी आहे, त्याला फक्त होडीपुरता गटात घेऊ नका. त्याला जे माहीत आहे ते तुमच्या पटकथेत नसतं.

नावांचंही शूटिंगच्या आधीच ठरवा. अक्षरं बसायला चौकटीत मोकळी जागा लागते, ती नंतर पैदा होत नाही. कलाकार, तंत्रज्ञ, मग सिनेमाचं नाव, दिग्दर्शक शेवटी. प्राचार्यांचे आणि संस्थेचे आभार सुरुवातीला नकोत; प्रेक्षक नुकता श्वास रोखतोय तिथे "सहकार्याबद्दल ऋणी" आलं की तो श्वास सोडतो. काही अॅपमध्ये मराठी जोडाक्षरं फुटतात, वेलांटी भलतीकडे जाते. प्रत्येक नाव मोठ्या पडद्यावर वाचून बघा.

शेवटी तोंडी परीक्षा. परीक्षक हमखास विचारतात, "पुढे काय होतं?" पुष्कळ गट म्हणतात, "सर, ते प्रेक्षकांवर सोडलंय." हे उत्तर चालवून घेऊ नये असं मला वाटतं. प्रेक्षकाला सांगायचं नसलं तरी तुम्हाला ठाऊक हवं. वडील समुद्रात का गेले, मुलीने दिवा कुणासाठी मालवला, समोरून येणाऱ्याला घर दिसू नये म्हणून की वडिलांना तशी खूण ठरली होती म्हणून? यातलं एक ठरल्याशिवाय ती मुलगी स्विचला हात कसा लावणार, घाईने की सावकाश, हे तुम्ही तिला सांगूच शकत नाही. तेव्हा उरलेली गोष्ट एका पानावर लिहा, गटातल्या सगळ्यांनी वाचा आणि फाइलला न जोडता खिशात ठेवा. परीक्षकांनी फारच आग्रह केला तर काढून दाखवा.

नमस्कार.