एका झावळीचं वर्ष

(दृश्य: वसईतली वाडी. पहाट. माडावरून झावळी खाली पडते.)

वसईच्या वाडीत झावळीला काय तोटा! तिचं झाप विणतात, हीर काढून केरसुणी बांधतात, उरलंसुरलं चुलीत जातं. पण आज उतरवलेली ही झावळी चर्चमध्ये चालली आहे. आज झावळ्यांचा रविवार, म्हणजे येशू मरणातून उठला त्या ईस्टर सणाच्या आधीचा रविवार. इथून पुढे वर्षभर आपण हिच्याच मागोमाग जाणार आहोत.

(दृश्य: चर्चचं आवार. झावळ्या उंचावून निघालेली मिरवणूक.)

येशू जेरुसलेममध्ये आला त्या दिवशी लोकांच्या हातात खजुरीच्या झावळ्या होत्या. ज्यूंचा वल्हांडण सण तोंडावर आलेला, शहर यात्रेकरूंनी फुललेलं. येशू आला तो गाढवाच्या शिंगरावर बसून. लढाईचा घोडा नाही, सोबत फौज नाही. लोक ओरडत होते, "होसान्ना!" आज आपण हा शब्द जयजयकार म्हणून गातो. मुळात तो हिब्रूतला धावा आहे: 'आम्हाला तार!'

मिरवणूक चर्चमध्ये पोहोचते आणि त्याच मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, येशूच्या दुःखसहनाचा संपूर्ण वृत्तान्त वाचला जातो. येशूचे शब्द धर्मगुरू वाचतात, आणि जमावाचे शब्द आपण म्हणायचे असतात. हातात अजून तीच झावळी असते, आणि तोंडाने म्हणायचं असतं, "त्याला क्रूसावर खिळा!" लहानपणापासून मी ही ओळ म्हणत आले आहे. अजूनही ती म्हणताना आवाज आपोआप खाली येतो. देवाला मारणारे कोणी दुसरेच होते, असं म्हणून अंग काढून घ्यायची सोय या सणाने ठेवलेलीच नाही.

झावळी घरी येते. मुलं तिची पाती सोलून छोटे क्रूस विणतात. एक पातं भिंतीवरच्या क्रूसामागे खोचलं जातं. आता ते वर्षभर तिथेच राहील.

(दृश्य: घंगाळ, तांब्या, टॉवेल. पायांवर पडणारं पाणी.)

त्याच आठवड्यातल्या गुरुवारची संध्याकाळ. शेवटच्या भोजनाच्या वेळी येशू उठला, कमरेला रुमाल बांधला आणि शिष्यांचे पाय धुऊ लागला. पेत्र म्हणाला, "तुम्ही माझे पाय कधीही धुवायचे नाहीत." आपल्याला पेत्राचं मन सहज कळतं. आपल्याकडे पाय धुतात ते पाहुण्याचे, गुरूचे, जावयाचे. इथे गुरूच खाली बसला आहे. आणि ज्यांचे पाय त्याने धुतले त्यांत यहूदाही होता, काही तासांतच त्याला धरून देणारा.

२०१३ साली पोप फ्रान्सिस यांनी पोप झाल्यानंतर आलेल्या पहिल्याच अशा पवित्र गुरुवारी रोममधल्या बालगुन्हेगारांच्या तुरुंगात जाऊन पाय धुतले. त्या तरुणांत मुली होत्या, मुस्लिमही होते. तोवर नियमात फक्त पुरुषच बसत होते. २०१६ साली नियमच बदलला.

(दृश्य: उघडी वेदी. कापड नाही, फुलं नाहीत.)

शुक्रवारी घंटा वाजत नाही. मिस्सा होत नाही. वेदीवरचं कापडसुद्धा काढलेलं असतं. या दिवशी अनेकांच्या फोनवर 'हॅपी गुड फ्रायडे' असे संदेश येतात. पाठवणाऱ्याचा भाव प्रेमाचाच असतो, त्याबद्दल मनात काही ठेवू नये. पण आमच्यासाठी हा घरात मयत झाल्यासारखा दिवस आहे. मराठीत आम्ही त्याला उत्तम शुक्रवार म्हणतो. उत्तम अशासाठी, की येशूने क्रूसावर मरतानाही मारणाऱ्यांना क्षमा केली.

आणि तरीही तो ओरडला होता, "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" ही बायबलमधल्या बाविसाव्या स्तोत्राची पहिली ओळ. माझ्या मते या संपूर्ण धर्मातली सर्वांत धीर देणारी ओळ हीच आहे. देव आपल्याला सोडून गेला असं ज्याला कधी वाटलं असेल, रुग्णालयाच्या बाकावर किंवा रिकाम्या घरात, त्याच्या आधी येशू स्वतः तिथे जाऊन आलेला आहे.

आमच्या वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया यांचा शेवटही क्रूसावरच झाला. ५ फेब्रुवारी १५९७, जपानमधलं नागासाकी, बरोबर आणखी पंचवीस जण. वसईच्या माणसाला क्रूस ही फक्त दूरच्या देशातली गोष्ट वाटत नाही, याचं हेही एक कारण आहे.

(दृश्य: मिट्ट काळोख. मग चर्चबाहेर पेटलेली आगटी.)

शनिवारची रात्र. चर्चमधले सगळे दिवे मालवलेले. बाहेर नवा अग्नी पेटवतात, त्यावरून एक मोठी मेणबत्ती लावतात. तिच्यावर चालू वर्षाचे चार आकडे कोरलेले असतात. धर्मगुरू ती घेऊन काळोखात शिरतात, तीनदा थांबतात, तीनदा गातात: "ख्रिस्ताचा प्रकाश!" एका मेणबत्तीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी, असं करत चर्च उजळतं. त्यानंतर मेणबत्तीचं एक फार जुनं स्तुतिगीत गायलं जातं. मूळ लॅटिन गीतात मेण देणाऱ्या मधमाश्यांचीही आठवण काढलेली आहे.

ईस्टरची तारीख चंद्रावर ठरते. वसंतसंपातानंतरची पौर्णिमा, आणि तिच्यानंतरचा रविवार. आपल्या बहुतेक सणांसारखाच हाही आकाशाकडे पाहून येतो.

आणि पहाटेची ती गोष्ट. मग्दालिया मरिया कबरीपाशी रडत उभी आहे. कबर रिकामी. मागे कोणीतरी उभं आहे. तिला वाटतं, माळी असेल. म्हणते, "दादा, तुम्ही त्याला इथून नेलं असेल तर कुठे ठेवलंय ते मला सांगा." तो एकच शब्द बोलतो: "मरिये!" आणि ती ओळखते.

आम्ही वाडीतली माणसं. केळी, पानवेली आणि भाजीपाल्यावर वाढलेली. मरण जिंकून आलेला देव कोणाला पहिल्यांदा दिसला तेव्हा तो माळी वाटला, याचा मला फार आनंद वाटतो. त्याच्याभोवती तेजाचं वलय होतं, असं योहान आपल्या शुभवर्तमानात, म्हणजे येशूच्या चरित्रात, लिहीत नाही. त्याने नावाने हाक मारली, एवढंच लिहितो.

(दृश्य: पावसाळा. भिंतीवर काळपट पडत चाललेलं पातं.)

ईस्टरपासून पन्नासाव्या दिवशी पेन्टेकॉस्ट. पवित्र आत्मा शिष्यांवर उतरला, आणि देशोदेशींच्या लोकांना त्यांचं बोलणं आपापल्या भाषेत ऐकू आलं. वसई तालुक्यातल्या नंदाखालचं चर्च याच पवित्र आत्म्याच्या नावाचं आहे. माझी आजी लॅटिनमधली मिस्सा ऐकत मोठी झाली. १९६२ ते १९६५ दरम्यानच्या, कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा मराठीत आली. आजीसाठी पेन्टेकॉस्ट तोच असणार.

(दृश्य: नाताळचा गोठा. थाळीत उगवलेली नाचणी.)

मग नाताळ. हा शब्दच पोर्तुगीजांकडून आलेला, अर्थ जन्म. २५ डिसेंबरचा हा सण सर्वांच्या ओळखीचा, तेव्हा एकाच वस्तूपाशी थांबते: गव्हाण. गव्हाण म्हणजे गुरांना चारा घालायची जागा. बाळाला तिथे ठेवलं. बेथलेहेम या हिब्रू नावाचा अर्थ 'भाकरीचं घर'. याच बाळाने पुढे म्हटलं, "मी जीवनाची भाकर आहे." म्हणजे गुरुवारचं ते भोजन इथे, चाऱ्याच्या गव्हाणीतच मांडायला सुरुवात झाली होती. १२२३ साली इटलीतल्या ग्रेचो गावात असिसीच्या संत फ्रान्सिसने खरा बैल, खरं गाढव आणि खरं गवत आणून हा देखावा उभा केला, तो लोकांना देवाचं गरीबपण डोळ्यांनी दिसावं म्हणून.

गोठ्यात हिरवं शेत दिसावं म्हणून काही घरांत थाळीत नाचणी पेरतात. चार-पाच दिवसांत कोंब वर येतात. "गव्हाचा दाणा मातीत पडून मेला नाही तर तो एकटाच राहतो, मेला तर पुष्कळ पीक देतो." योहानाच्या शुभवर्तमानात हे वाक्य बाराव्या अध्यायात आहे. झावळ्यांची ती मिरवणूकही त्याच अध्यायात आहे.

(दृश्य: भिंतीवरून वाळलेलं पातं काढणारा हात.)

फेब्रुवारी किंवा मार्च. चर्चच्या दाराशी टोपली ठेवलेली आहे. लोक गेल्या वर्षीच्या झावळ्या आणून तिच्यात टाकतात. मुलांनी विणलेले क्रूसही त्यात असतात. त्या जाळतात. वाळलेलं पातं तडतडत पेटतं आणि क्षणात काळं होतं. राख चाळून वाटीत भरतात.

राखेच्या बुधवारी ती क्रूसाच्या आकारात कपाळावर लागते. "तू माती आहेस आणि मातीला मिळशील." ईस्टरआधीच्या उपवासकाळाचे चाळीस दिवस इथून सुरू होतात. रविवार त्यात धरत नाहीत.

माझी आई कपाळावरची राख पुसत नसे. चर्चमधून आली की पदर खोचून तशीच वाडीत जायची, पानवेलींना पाणी सोडायची. दुपारपर्यंत तो क्रूस घामाने विस्कटून भुवयांवर उतरलेला असायचा.