फुकटचे कॉइन आणि आधारची झेरॉक्स

व्यासपीठावरील मान्यवर आणि वाचनालयाच्या या सभागृहात मुद्दाम वेळ काढून आलेल्या माझ्या गाववाल्यांनो,

मी बँकेत बत्तीस वर्षे नोकरी केली. त्यातली बरीचशी निपाणी, खानापूर आणि बेळगावच्या शाखांत गेली, आणि त्या काळात माझ्या हाताखालून लोकांची ओळखपत्रे अक्षरशः गठ्ठ्यांनी गेली. त्यामुळे निवृत्तीनंतरही गल्लीतली माणसे कागदाची शंका घेऊन माझ्याकडे येतात. पूर्वी प्रश्न असायचा तो उताऱ्यावरच्या नावाचा किंवा रेशन कार्डातल्या चुकीचा. गेली काही वर्षे मात्र वेगळाच प्रश्न येतो : "काका, मोबाइलवर फुकट कॉइन मिळतंय, आधारचा फोटो मागतंय, घालू काय?" हे कॉइन म्हणजे क्रिप्टो, फक्त संगणकावर चालणारे आभासी नाणे. आजचे व्याख्यान म्हणजे या एकाच प्रश्नाचे उत्तर आहे. ते 'हो' किंवा 'नको' इतक्यात संपणारे असते, तर मी तुमचा वेळ घेतला नसता.

वडगावात आमच्या शेजारी एक आक्का राहतात. घरात दोन पॉवरलूम आहेत आणि सकाळपासून त्यांचा खडखडाट चालू असतो. एके दिवशी लूम बंद करून त्या मोबाइल घेऊन आल्या. भाच्याने एक लिंक पाठवली होती. तिच्यावरून अॅप घेतले की दोघांनाही थोडी कॉइन मिळणार होती, आणि ती हातात पडण्याआधी 'व्हेरिफिकेशन' करायचे होते. मी पाहिले तेव्हा दोन टप्पे उरकले होते : आधार कार्डाच्या दोन्ही बाजूंचा फोटो गेला होता आणि कार्ड हनुवटीखाली धरून काढलेला चेहऱ्याचा फोटोही गेला होता. तिसऱ्या टप्प्यावर पडद्यावर एक गोल आला होता. त्यात चेहरा ठेवून मान डावीकडे वळवायची, उजवीकडे वळवायची आणि पापण्या मिटायच्या होत्या. तेवढे इंग्रजी न कळल्यामुळे त्या अडल्या होत्या. कार्डावर मजकूर कन्नड आणि इंग्रजीत, अॅप निव्वळ इंग्रजीत आणि बाई बोलणार मराठी. आपण कशाला संमती दिली हे त्यांना माहीत नव्हते, आणि माहीत करून घ्यायची सोयही कोणी ठेवली नव्हती.

आक्कांना मी दोष देत नाही. आपल्या भागातल्या माणसाला कागद पुढे करण्याची सवय लागलेली आहे, कारण कागद पुढे केल्याशिवाय आपले काहीच होत नाही. ११ जून २०२३ पासून आपल्या राज्यात शक्ती योजना सुरू झाली आणि साध्या सरकारी बसमध्ये बायकांना मोफत प्रवास मिळू लागला. पण त्यासाठी ओळखपत्रावर कर्नाटकातला पत्ता हवा. महाराष्ट्रातल्या चंदगडहून लग्न होऊन खानापूर तालुक्यात आलेल्या मुलीने पत्ता बदलून घेतला नसेल, तर तिला तिकीट काढावेच लागते. सीमेवरच्या माणसाला आपण कुठले आहोत हे कागदानेच सिद्ध करावे लागते, आणि म्हणून प्रत्येक घरात ट्रंकेत एक प्लास्टिकची पिशवी असते, तिच्यात आधार, मतदार ओळखपत्र, रेशन कार्ड आणि उताऱ्याच्या पाच-पाच झेरॉक्स तयार असतात.

त्या बसमधलेच उदाहरण मी पुढे नेतो, कारण माझ्या सांगण्याचा गाभा त्यातच आहे. बाई कंडक्टरला कार्ड दाखवते, कंडक्टर पाहतो, शून्य रकमेचे तिकीट देतो आणि कार्ड पुन्हा पर्समध्ये जाते. याला दाखवणे म्हणतात. मोबाइलवरून कार्डाचा फोटो पाठवणे म्हणजे देऊन टाकणे, आणि दिलेली प्रत कधीच परत येत नाही.

आम्ही बँकेत प्रत घेत होतो हे खरे. रिझर्व्ह बँकेने २००२ साली 'आपला ग्राहक ओळखा' या तत्त्वाचे, म्हणजे केवायसीचे, निर्देश दिले, आणि नंतर ते अधिकाधिक कडक होत गेले. पण ती प्रत कशी घेतली जायची ते पाहा. ग्राहक मूळ कागद घेऊन समोर उभा राहायचा. मी मूळ आणि झेरॉक्स शेजारी ठेवून पाहायचो, 'मूळ प्रतीशी पडताळली' असा शिक्का मारून खाली सही करायचो आणि तारीख घालायचो. काही जाणती गिऱ्हाइके झेरॉक्सवर आडव्या दोन रेघा मारून मध्ये लिहीत : 'फक्त बचत खाते उघडण्यासाठी'. त्या चार शब्दांमुळे तो कागद दुसरीकडे चालवणे अवघड होई. उद्या काही भानगड झाली, तर शाखा तिथेच होती, शिक्क्याखाली सही माझीच होती आणि वर रिझर्व्ह बँक होती. ज्या अॅपला आक्कांनी आधार दिले, त्याच्या कंपनीचा पत्ता मी शोधला, तेव्हा दूरच्या एका बेटावरच्या टपालपेटीचा क्रमांक मिळाला.

आता फुकट वाटणारा माणूस आधार मागतोच कशाला, हे समजून घेतले पाहिजे, कारण मागणारा प्रत्येक जण चोर असतो असे मी म्हणणार नाही. नवे नाणे चालवायचे तर ते पुष्कळांच्या हातात गेले पाहिजे, म्हणून ते वाटतात. या वाटपाला 'एअरड्रॉप' म्हणतात. सप्टेंबर २०२० मध्ये युनिस्वॅप नावाच्या व्यवस्थेने, तिचा आधी वापर केलेल्या प्रत्येक पत्त्याला, म्हणजे क्रिप्टोतल्या खातेक्रमांकाला, किमान ४०० नाणी दिली आणि ओळखपत्र कोणाचेच मागितले नाही. म्हणजे न विचारता वाटता येते. अडचण अशी की एकच माणूस हजार पत्ते काढून हजार वाटे उचलू शकतो. संगणकशास्त्रात याला 'सिबिल हल्ला' म्हणतात; जॉन डॉसर या संशोधकाने २००२ सालीच त्यावर लिहिले होते. एका माणसाला एकच वाटा मिळावा म्हणून ओळख तपासायची, हे कारण प्रामाणिक असू शकते. नोव्हेंबर २०१८ मध्ये ब्लॉकचेन डॉट कॉम या कंपनीने १२.५ कोटी डॉलर किमतीची स्टेलर नाणी वाटायचे जाहीर केले, माणशी साधारण २५ डॉलरची, आणि त्यासाठी ओळखपत्राची पडताळणी सक्तीची केली. त्याही वेळी जाणकारांनी हाच प्रश्न विचारला होता : २५ डॉलरसाठी पासपोर्ट का द्यावा?

दुसरे कारण कायद्याचे आहे. ७ मार्च २०२३ च्या अधिसूचनेने आपल्याकडे क्रिप्टोची देवघेव करणाऱ्या संस्था काळ्या पैशाविरुद्धच्या कायद्याखाली आल्या, त्यांना केंद्र सरकारच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे नोंदणी करावी लागते आणि ग्राहकाची ओळख तपासावी लागते. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ही माहिती पाच वर्षे जपून ठेवावी लागते. नोंदणी केलेल्या संस्थेने कागद मागणे आणि भाच्याच्या लिंकवरून आलेल्या अॅपने कागद मागणे या दोन गोष्टी पडद्यावर अगदी सारख्या दिसतात. तोच गोल, तीच हिरवी खूण. फसगत नेमकी इथे होते.

क्रिप्टोच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, जी बँकेत बत्तीस वर्षे घालवलेल्या माणसाला पहिल्यांदा कळली तेव्हा त्याची झोप उडाली. बँकेची खातेवही बँकेत असते; शेजाऱ्याला तुमची शिल्लक कळत नाही. बिटकॉइनची खातेवही ३ जानेवारी २००९ ला सुरू झाली तेव्हापासून सगळ्या जगापुढे उघडी आहे. चावडीवर यादी लावावी तसे त्यातले सगळे व्यवहार कोणालाही वाचता येतात. फक्त नावाच्या जागी अक्षरांची आणि आकड्यांची एक ओळ असते. ती ओळ कोणाची हे कळत नाही, तोवर आडोसा असतो. ज्या दिवशी तुम्ही त्या पत्त्यावर नाणी घेण्यासाठी आधार देता, त्या दिवशी ती ओळ आणि तुमचे नाव यांची गाठ बसते. पुढच्याच नव्हे, मागच्याही सगळ्या व्यवहारांना नाव लागते, आणि त्या वहीतले पान फाडता येत नाही.

मोठ्या कंपन्या तरी हे कागद जपतात का? मे २०२५ मध्ये कॉइनबेस या अमेरिकेतल्या नावाजलेल्या कंपनीने कबूल केले की अमेरिकेबाहेर काम करणाऱ्या तिच्या ग्राहकसेवेतल्या काही माणसांना लाच देऊन ग्राहकांची माहिती काढून नेली गेली. असे ग्राहक ६९,४६१ होते, आणि गेलेल्या मालात पत्ते, फोन नंबर आणि सरकारी ओळखपत्रांची छायाचित्रेही होती. चोरांनी दोन कोटी डॉलर मागितले, कंपनीने नाकारले. पण छायाचित्रे गेली ती गेलीच. त्याआधी २०२० मध्ये क्रिप्टो जपून ठेवण्याची उपकरणे विकणाऱ्या लेजर या कंपनीच्या सुमारे २ लाख ७२ हजार गिऱ्हाइकांची नावे, फोन आणि घरचे पत्ते उघड्यावर आले आणि त्यांना धमक्यांची, फसवणुकीची पत्रे येऊ लागली. पैसे गेले तर पैसे पुन्हा मिळवता येतात. माझ्या घरी काही ठेवा आहे आणि माझे घर इथे आहे, हे एकदा बाहेर गेले की घर बदलल्याशिवाय ते पुसता येत नाही.

उद्यमबागेत फौंड्रीत काम करणारा एक मुलगा गेल्या वर्षी माझ्याकडे आला होता. त्याला परराज्यातल्या पोलिसांची नोटीस आली होती : तुमच्या नावाच्या खात्यात फसवणुकीचे पैसे आले आहेत, हजर राहा. त्या बँकेचे त्याने नावही ऐकले नव्हते. आम्ही दोघे बसून त्याने कुठे कुठे आधार दिले ते आठवू लागलो. सिम कार्डाच्या दुकानात, भाड्याच्या खोलीसाठी, कर्ज देणाऱ्या एका अॅपला आणि फुकट कॉइन देणाऱ्या चार अॅपना. त्यातले नेमके कुठून फुटले हे आम्हाला सांगता येईना, पोलिसांनाही येईना. दोन वेळा रजा टाकून, पगार कापून घेऊन तो रात्रीच्या गाडीने जबाब द्यायला गेला. चारही अॅपची मिळून त्याच्याकडे जी नाणी जमली होती, ती कुठल्याच बाजारात विकता येत नव्हती. हे सांगताना मला आजही राग येतो.

कागदाच्या पुढची पायरी म्हणजे शरीर. जुलै २०२३ मध्ये वर्ल्डकॉइन नावाचा प्रकल्प जगभर सुरू झाला. चेंडूएवढ्या चकचकीत यंत्रापुढे उभे राहायचे, ते डोळ्याच्या बुबुळाची नोंद घेणार आणि बदल्यात नाणी देणार. नैरोबीत त्या वेळी सुमारे ५० डॉलर किमतीच्या नाण्यांसाठी लोकांनी दिवसभर रांगा लावल्या. २ ऑगस्ट २०२३ ला केनियाच्या सरकारने ते काम थांबवले आणि मे २०२५ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने गोळा केलेली शारीरिक माहिती पुसून टाकण्याचा आदेश दिला. स्पेनने मार्च २०२४ मध्ये तात्पुरती बंदी घातली. ही यंत्रे आपल्या देशात दिल्ली परिसरात आणि बेंगळुरूतही आली होती. बुबुळाचे चित्र आपण ठेवत नाही, त्यापासून केलेला सांकेतिक आकडाच ठेवतो, असे कंपनीचे म्हणणे आहे आणि ते मी तुम्हाला सांगितलेच पाहिजे. पण ज्याला त्या दिवशीच्या चुलीची चिंता आहे, त्याच्यासमोर पैसे धरून घेतलेल्या संमतीला मी संमती म्हणायला तयार नाही. पासवर्ड फुटला तर बदलता येतो. बुबुळ बदलता येत नाही.

आपला कायदा याबाबत काय म्हणतो? २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितले की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. ज्यांच्या नावाने तो खटला ओळखला जातो, ते के. एस. पुट्टस्वामी आपल्याच कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश होते. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि त्यातल्या मुख्य जबाबदाऱ्या अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. त्या कायद्यातली एक तरतूद आपण सीमाभागातल्या लोकांनी पाठ करावी अशी आहे : संमती मागताना ती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय माणसाला दिला पाहिजे. त्या अनुसूचीत मराठी आहे, कन्नड आहे, कोकणीही आहे. इथे राज्य कोणते आणि सरकारी भाषा कोणती हा वाद येत नाही. हक्क माणसाच्या भाषेला दिलेला आहे. भारतातल्या लोकांना सेवा देणाऱ्या परदेशी कंपनीलाही हा कायदा लागू होतो. टपालपेटीवर त्याची अंमलबजावणी कशी करणार, हा प्रश्न मात्र शिल्लक राहतो आणि त्याचे समाधानकारक उत्तर मला कायद्यात सापडलेले नाही.

तोपर्यंत हातात काय आहे? बारा आकड्यांपैकी पहिले आठ झाकलेले 'मास्क्ड आधार' आधारच्या संकेतस्थळावरून काढता येते. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बेंगळुरू कार्यालयाने, आधारची झेरॉक्स कोणालाही देत जाऊ नका, झाकलेली प्रत द्या, असे पत्रक काढले होते. गैरसमज होईल म्हणून ते दोन दिवसांत मागे घेतले गेले. मला ते पत्रक योग्य वाटले होते आणि मागे घेतल्याचे वाईट वाटले. आधारमधली बोटांची आणि डोळ्यांची नोंद कुलूपबंद ठेवण्याची सोयही आहे. आणि काही न देता सिद्ध करण्याचे गणित तर १९८५ पासून माणसाला ठाऊक आहे. त्याला 'झिरो नॉलेज प्रूफ' म्हणतात : मी अठरा वर्षांवरचा आहे हे जन्मतारीख न सांगता पटवून देता येते, मी याआधी वाटा घेतलेला नाही हे नाव न सांगता पटवून देता येते. कंडक्टरला कार्ड दाखवून पर्समध्ये ठेवावे, तसेच ते आहे. ज्यांनी क्रिप्टोचे तंत्रज्ञान उभे केले त्यांनाच हे गणित सगळ्यात चांगले येते, म्हणून त्यांनी आधारचा फोटो मागावा हे मला जास्त लागते.

आक्कांचा तिसरा टप्पा आम्ही केला नाही. जे आधीच गेले होते ते पुसून टाका, असे पत्र मी त्यांच्या नावाने लिहिले, आधी मराठीत आणि खाली इंग्रजीत, आणि अॅपमध्ये दिलेल्या पत्त्यावर ईमेल केले. अकराव्या दिवशी इंग्रजीत उत्तर आले : तुमची विनंती पुढे नेण्यासाठी ती तुम्हीच केली आहे याची खात्री हवी, तरी आधारच्या दोन्ही बाजूंचा फोटो आणि चेहऱ्याचा नवा फोटो पाठवा. आक्कांनी विचारले, "आता काय करू, काका?" मी मास्क्ड आधार काढून आणले, त्याच्या प्रतीवर आडव्या दोन रेघा मारल्या आणि मध्ये त्यांनी स्वतःच्या हाताने मराठीत लिहिले : 'फक्त माझी माहिती पुसण्यासाठी', खाली तारीख आणि सही. चेहऱ्याचा फोटो पाठवला नाही. त्याला आज सव्वा महिना झाला आणि आम्ही उत्तराची वाट पाहत आहोत.