प्रार्थनेची घडी

(दृश्य: भर दुपार. गावची इगर्ज, म्हणजे चर्च. घंटेचा दोर ओढणारे हात.)

तीन ठोके. थोडी उसंत. पुन्हा तीन, पुन्हा उसंत, पुन्हा तीन. मग सलग घंटानाद. गोव्यातल्या गावांत दुपारी बाराला आणि तिन्हीसांजेला वाजणारी ही आंजेलुस या प्रार्थनेची घंटा. तीन छोटी वचनं, प्रत्येकामागे एक ‘नमो मारिया’ ही मारियामातेची छोटी प्रार्थना, शेवटी एक विनंती. सगळं मिळून दीड-दोन मिनिटं. शेतातली, बाजारातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या या घंटेला थांबत आली. वेळ लक्षात ठेवायचं काम त्यांच्याकडे नव्हतंच, ते घंटेकडे होतं.

आज घरातलं कुणी हॉटेलात शिफ्टवर, कुणी जहाजावर, कुणी दुबईत. घंटा कानावर येत नाही, आणि प्रार्थना ‘सवड मिळेल तेव्हा’वर जाते. सवड काही मिळत नाही.

मिशनचंही, म्हणजे दूरदेशीच्या धर्मसेवेला हातभार लावण्याचंही, तेच. ऑक्टोबरातल्या मिशन रविवारचं प्रवचन ऐकून चढलेला उत्साह नाताळच्या खरेदीपर्यंत टिकला तरी पुष्कळ. वर्षानुवर्षं चालतं ते ठरवून ठेवलेलं, आणि तेही लहान: ठरलेली वेळ, ठरलेलं नाव, ठरलेली रक्कम.

(दृश्य: स्वयंपाकघर. भिंतीवर कालनिर्णय. चुलीवर चहा.)

सकाळ. १८४४ साली, ३ डिसेंबरला, म्हणजे आपल्या गोंयच्या सायबाच्या, संत फ्रान्सिस झेवियरच्या, फेस्तालाच (सणालाच), फ्रान्समध्ये व्हाल्स इथं येशूसंघाचे (जेझुइट) फादर गोत्रले शिकाऊ विद्यार्थ्यांशी बोलले. ही तरुण मुलं दूरच्या मिशनवर जायला उतावीळ झालेली, अभ्यासात मन लागेना. फादरांनी सांगितलं, तुमचा रोजचा अभ्यास, कंटाळा, थकवा हाच मिशनसाठी अर्पण करा. आज पोपमहोदयांच्या मासिक हेतूसाठी, म्हणजे त्यांनी त्या महिन्यासाठी दिलेल्या प्रार्थनेच्या विषयासाठी, जगभर प्रार्थना करणारं जाळं आहे, त्याची सुरुवात ही.

करायचं एवढंच: अंथरुणातून पाय खाली टेकण्याआधी एक वाक्य. आजचा दिवस देवाला, अमक्या माणसासाठी, या महिन्याच्या हेतूसाठी. तो हेतू महिन्याच्या पहिल्या तारखेला कालनिर्णयच्या पानावर पेन्सिलीनं लिहून ठेवायचा. फोनवर बघू म्हणालात की आधी व्हॉट्सअॅप उघडतं, आणि दिवस कुणाच्या तरी ‘गुड मॉर्निंग’ला अर्पण होतो.

(दृश्य: संध्याकाळ. घरातला आल्तार (देव्हारा), मेणबत्ती. जपमाळ धरलेली बोटं.)

संध्याकाळचा तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना. पाच रहस्यं (येशू-मारियेच्या आयुष्यातले प्रसंग), प्रत्येकात दहा ‘नमो मारिया’. एका दहाकाला साधारण तीन मिनिटं लागतात, अख्ख्या माळेला पंधरा ते वीस. सोमवारी आणि शनिवारी आनंदाची रहस्यं, मंगळवारी-शुक्रवारी दुःखाची, बुधवारी-रविवारी गौरवाची, आणि गुरुवारी प्रकाशाची. ही शेवटची पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२ साली सुचवली.

घरातला तेर्स मोडतो तो शेपटीमुळे. माळ संपते, मग लादीन (मारियामातेच्या नावांची आळवणी), मग आजोबांच्या आत्म्यासाठी एक, पोराच्या दहावीसाठी एक, व्हिसासाठी एक. प्रत्येक संकटाला एक प्रार्थना जोडली जाते, आणि संकट टळलं तरी ती काढायची हिंमत कुणाला होत नाही. वीस मिनिटांचं काम चाळिसांवर जातं. मुलं गुडघे बदलत राहतात आणि एक दिवस क्लास आहे म्हणून सटकतात. म्हणून शेवट कुठं ते आधी ठरवा. वाढीव विनंत्या सगळ्या शनिवारी. ज्या दिवशी सगळेच दमलेत, त्या दिवशी एकच दहाक, पण सगळ्यांनी मिळून. तीन मिनिटांचा तेर्स हा तेर्सच आहे. सोडलेला तेर्स मात्र दुसऱ्या दिवशी जड होतो.

ज्या घरात एक जण कोकणीत वाढला आणि दुसरा सावंतवाडीकडून किंवा नगरकडून मराठीत, तिथं भाषेवरून अडतं. त्यावर तोडगा सोपा आहे: पुढाकार घेणाऱ्यानं पहिला अर्धा भाग आपल्या भाषेत म्हणायचा, बाकीच्यांनी उत्तर आपापल्या. दोन-चार दिवस अवघड वाटतं, मग कानाला सवय होते. मराठीतली ख्रिस्ती उपासना गोव्याला परकी नाहीच. १५७९ साली इथं आलेल्या थॉमस स्टीफन्स या इंग्रज येशूसंघीयानं ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांत रचली, आणि १६१६ साली ती छापूनही निघाली.

आखातातला मुलगा तेर्साला हवा असेल तर घड्याळ जुळवा. गोव्यात रात्री साडेआठ तेव्हा दुबईत सात. व्हिडिओ कॉलवर सगळे एकदम म्हणायला गेले की आवाज मागेपुढे होतो आणि निम्म्यात हसू फुटतं. एक दहाक एका घरानं चालवायचं, बाकीच्यांनी माइक बंद ठेवून आपापल्या जागी उत्तर द्यायचं, पुढच्या दहाकाला बदल.

(दृश्य: पाच रंगांची जपमाळ, अगदी जवळून.)

ही मिशनची माळ. बिशप फुल्टन शीन अमेरिकेत मिशन निधीचं काम पाहत होते, तेव्हा १९५१ साली त्यांनी ती पुढं आणली. एकेका दहाकाला एकेक रंग: हिरवा आफ्रिकेसाठी, लाल अमेरिका खंडांसाठी, पांढरा युरोपसाठी, निळा ओशनियाच्या बेटांसाठी, पिवळा आशियासाठी. मुलांना ती आवडते, कारण बोट कुठं पोचलं ते रंगावरून कळतं. फक्त ‘आफ्रिकेसाठी’ म्हणून थांबू नका. खंडासाठी प्रार्थना करून मन लवकर पांगतं. त्या हिरव्या मण्यांवर एक देश, एक गाव, जमल्यास एका माणसाचं नाव ठेवा.

(दृश्य: शंभर पानी वही. रेघा मारणारा हात.)

नाव का, तर याचा दाखला फ्रान्समधल्या लिझ्यूच्या संत तेरेझाचा. पंधराव्या वर्षी मठात गेली, चोविसाव्या वर्षी वारली, मिशनच्या एकाही देशात तिचं पाऊल पडलं नाही. तरी १९२७ साली चर्चनं तिला फ्रान्सिस झेवियरच्या जोडीनं मिशनकार्याची आश्रयदाती ठरवलं. तिला दोन तरुण मिशनरी नेमून दिले होते, एक चीनला जाणारा, दुसरा आफ्रिकेला. त्यांना ती पत्रं लिहायची, त्यांच्यासाठी प्रार्थना करायची. दोघंच.

आपल्या गोव्यानंही माणसं पाठवली. बाणावलीत १६५१ साली जन्मलेले संत जोसेफ वाझ १६८७ साली श्रीलंकेत उतरले, तेही डच सत्तेनं कॅथलिक धर्मगुरूंवर घातलेल्या बंदीमुळे मजुराच्या वेशात. १७११ साली कँडीत वारले, परत आलेच नाहीत. त्यांची पत्रं गोव्यातल्या ओरेटरी या त्यांच्या धर्मगुरूसंघाकडे यायची. घरी बसलेल्यांना कशासाठी प्रार्थना करायची हे कळायला पत्रच लागतं. आजही गोव्यातल्या पिलारच्या आणि इतर संघांच्या मिशनऱ्यांकडून वार्तापत्रं येतात. बहुतेक घरांत ती न फोडता रद्दीत जातात.

वहीची रीत अशी. पानावर तीन रकाने: तारीख, विनंती, पुढं काय झालं. नावं पाचच, सोमवार ते शुक्रवार एकेक. शनिवार घरच्यांचा. वीस नावं लिहिलीत की दोन आठवड्यांत ती हजेरीपटासारखी वाचली जातात. तिसरा रकाना रिकामा राहिला तर त्या माणसाला दोन ओळींचा मेसेज टाका: ‘विहिरीचं काम कुठवर आलं?’ उत्तर आलं की प्रार्थनेत जीव येतो. आणखी एक पथ्य: मिशनरी संवेदनशील भागात असेल तर त्याचं नाव, फोटो, गाव फॉरवर्ड करू नका. वहीत लिहिलेलं वहीतच. आजाराची, घरगुती भांडणाची विनंतीसुद्धा ग्रुपवर टाकण्याआधी त्या माणसाला विचारा. नाहीतर प्रार्थनेच्या नावाखाली गावभर गजाली होतात.

(दृश्य: कपेलाच्या (छोट्या प्रार्थनामंदिराच्या) पायऱ्या. टोपलीतल्या चिठ्ठ्या.)

एकट्याला जमत नाही त्यांच्यासाठी जिवंत जपमाळ. फ्रान्समधल्या ल्यों शहरातल्या पोलीन जारिको या बाईनं १८२६ साली ती सुरू केली. तेव्हा रहस्यं पंधरा, म्हणून गट पंधराचा. आता वीस रहस्यं, वीस माणसं. प्रत्येकानं रोज एकच दहाक म्हणायचं, आणि गटाकडून रोज चारही प्रकारची रहस्यं पूर्ण. महिन्याच्या पहिल्या रविवारी मिस्सानंतर (चर्चमधल्या मुख्य उपासनेनंतर) दहा मिनिटं थांबून कुणाकडे कुठलं रहस्य त्याच्या चिठ्ठ्या बदलायच्या.

वाड्यावरच्या लहान समुदायात हे छान बसतं. मोडतं ते चिठ्ठ्यांच्या भेटीत: ‘ग्रुपवर टाकतो’ म्हणून भेट रद्द झाली की तीन महिन्यांत माळेला भोकं पडतात आणि कुणाला पत्ताही नसतो. यादी सांभाळणारा एक आणि त्याचा बदली एक, दोघांची मुदत एक वर्ष. गट बारावर आला तर बाराजणांना दोन-दोन दहाकं वाटू नका, ते उरलेलेही जातील. पाचांचा गट करा, रोज एकाच प्रकारची रहस्यं घ्या, आणि वीस होईपर्यंत तसंच चालवा.

(दृश्य: पत्र्याची पेटी. आत पडणारं दहाचं नाणं.)

मिशनसाठी पैशाची व्यवस्थाही याच पोलीन जारिकोची. दहाजणांनी दर आठवड्याला एक सू, म्हणजे अगदी किरकोळ नाणं, द्यायचं. एकानं ते गोळा करायचं. असे दहा गोळा करणारे एकाकडे सोपवणार. त्यातून १८२२ साली विश्वासप्रसाराची संस्था उभी राहिली. तोच हिशेब घरात: रोज दहा रुपये, महिन्याला तीनशे, वर्षाला ३,६५०. पेटी दाराजवळ ठेवा, आल्ताराजवळ नको. सुट्टे पैसे हातात असतात ते घरात शिरताना.

मिशन रविवार पोप पायस अकरावे यांनी १९२६ साली ठरवला. तो ऑक्टोबरचा शेवटून दुसरा रविवार, नेमका पर्यटनाचा हंगाम सुरू होताना. हॉटेलवाल्यांची रविवारची मिस्सा चुकते आणि दानाचं पाकीट घरीच राहतं. ते आदल्या शनिवारीच पाद्र विगाराकडे, म्हणजे चर्चच्या मुख्य धर्मगुरूकडे, द्या. त्या दिवशीची दानपेटी फिर्गजीला (गावच्या चर्चला) राहत नाही, सगळीच्या सगळी जगभरच्या मिशन निधीत जाते. जुने कपडे मात्र पाठवू नका. पार्सलचा खर्च कपड्यांच्या किमतीवर जातो.

परदेशातून पैसे येणार असतील तर गोव्यात एक खास अडचण आहे. भारतीय पासपोर्टवर आखातात असलेल्यानं आपल्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी कायद्यानं परदेशी धरली जात नाही. पण भावानं पोर्तुगीज पासपोर्ट घेतला असेल, तर ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाचं कार्ड) असूनही त्याची देणगी परदेशी ठरते. ती घ्यायला संस्थेकडे एफसीआरए (परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची) नोंदणी हवी, आणि २०२०च्या दुरुस्तीनंतर पैसा स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यायला हवा. आईच्या खात्यावर पाठवून पुढं फिरवणं ही पळवाट. त्यात अडकते ती संस्था.

(दृश्य: बांबोळी. गोमेकॉबाहेर (गोवा मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयाबाहेर) पिशव्या घेऊन बसलेली माणसं.)

आणि मिशनसाठी दूर जायचं नसेल तर हे दार आहे. बांबोळीच्या गोमेकॉत सावंतवाडी, दोडामार्गकडून रुग्ण येतात. नातेवाइकांना मराठी येते. खिडकी कुठली, फॉर्म कुठला, स्वस्त जेवण कुठं, हे कुणी सांगेल तर हवं असतं. महिन्यातून एक दुपार, दोघादोघांनी. खाटेजवळ दहा मिनिटांपेक्षा जास्त नको. प्रार्थना करायची तर आधी विचारा, नको म्हणाले तर पाण्याची बाटली भरून द्या. धर्मपत्रकं वाटू नका, बरं होण्याची हमी देऊ नका. आजारी माणूस नाही म्हणू शकत नाही, आणि तशा मिळालेल्या होकाराला अर्थ नसतो.

रक्तदात्यांची यादी मात्र जरूर करा. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो. पुरुषांनी दोन रक्तदानांत तीन महिन्यांचं अंतर ठेवायचं, स्त्रियांनी चार. नाव, रक्तगट, फोन यांच्याशेजारी शेवटच्या रक्तदानाची तारीखही लिहा, कारण रात्री दोनला फोन येतो तेव्हा पहिला प्रश्न तोच असतो.