आधी त्याला उभं करा

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय 'ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस आणि शुक्राणूंची गुणवत्ता'. त्यावर येतोच. आधी एका पिशवीबद्दल बोलतो, कारण ती माझ्या डोक्यातून जात नाही.

एक जोडपं आलं. लग्नाला ६ वर्षं झालेली. बाईंची फाईल इतकी जाड की दोऱ्यानं बांधलेली. गर्भनलिकांचा एक्स-रे, दुर्बिणीची तपासणी, हॉर्मोन्स दोनदा, सोनोग्राफी तर किती त्याची गणतीच नाही. मी विचारलं, "आणि यांचं काय?" नवऱ्यानं पिशवी टेबलावर उपडी केली. रिपोर्ट दोनच, बाकी सगळ्या कॅप्सूलच्या पट्ट्या. व्हिटॅमिन सी, व्हिटॅमिन ई, झिंक, सेलेनियम, लायकोपिन. दीड वर्ष मोबाइलवर गजर लावून घेत होता बिचारा, एकही दिवस चुकवला नव्हता.

"तुम्हाला कुणी तपासलंय का?"

"हो, दोनदा दिलं ना."

त्याला वाटलं मी नमुन्याबद्दल विचारतोय. पुरुषालाही हात लावून तपासतात हे त्याच्या गावीच नव्हतं! पडद्यामागे उभं केलं. म्हटलं, श्वास रोखा, कुंथल्यासारखा जोर करा. डाव्या बाजूला, वृषणाच्या वर, फुगलेल्या शिरांचं वेटोळं बोटांना लागलं. व्हेरिकोसील. आडवं झाल्यावर या शिरा रिकाम्या होतात, म्हणून उभं करूनच बघायचं. दोन मिनिटांचं काम. बाईंना भूल देऊन पोटात दुर्बीण घातली गेली, आणि याला सहा वर्षांत कुणी 'जरा उभे राहा' म्हटलं नाही. मला अजून राग येतो. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत पुरुषाकडचं कारण असतं, एकटं किंवा बाईच्या कारणासोबत. व्हेरिकोसील तर शंभरातल्या साधारण १५ पुरुषांत सापडतं, त्यातल्या बहुतेकांना मुलं होतातही. पण वंध्यत्वासाठी येणाऱ्यांत हेच प्रमाण ३५ ते ४० च्या घरात जातं.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं राहिलीत. बरं, मुद्द्यावर येतो.

शुक्राणूचं आवरण नाजूक चरबीचं असतं, म्हणून तर शेपूट लवचिक राहते. ऑक्सिजनचे उतावीळ रेणू नेमके त्या चरबीवर तुटून पडतात, हाच तो पत्रिकेवरचा ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस. आवरण ताठरतं, पोहणं मंदावतं. इतर पेशींत हे रेणू निस्तरणारी एन्झाइम्स पेशीद्रवात असतात. शुक्राणू मात्र हलकं होण्यासाठी जवळजवळ सगळा पेशीद्रव टाकून निघालेला असतो. हा मार डीएनएपर्यंत पोचला, तर दुरुस्तीची सोय त्याच्याकडे फारशी नसते. थोडीफार डागडुजी स्त्रीबीजच करतं. म्हणून काउंट, म्हणजे शुक्राणूंची संख्या, उत्तम असूनही आतला डीएनए तुटलेला असू शकतो. नेहमीच्या रिपोर्टात तो दिसत नाही.

हे नवं ज्ञान नाही. जास्त ऑक्सिजनमध्ये शुक्राणू थंडावतात हे मॅक्लाउड या संशोधकानं १९४३ मध्येच दाखवलं. हे रेणू येतात कुठून? संसर्गातल्या पांढऱ्या पेशींतून, तंबाखूतून, उष्णतेतून, अर्धवट घडलेल्या शुक्राणूंतून आणि त्या फुगलेल्या शिरांमुळे.

आता हे नीट ऐका. थोडे रेणू लागतातच. त्यांच्याशिवाय शुक्राणू स्त्रीबीजात शिरण्याजोगा होत नाही. मग सरसकट अँटिऑक्सिडंट, म्हणजे हे रेणू निस्तरणारी त्या पिशवीतल्यासारखी औषधं, गिळून काय साधतं? २०२० मध्ये अमेरिकेतले दोन मोठे अभ्यास प्रसिद्ध झाले. एकात २,३७० जोडपी होती. पुरुषांना सहा महिने झिंक आणि फॉलिक अॅसिड दिलं. बाळं जास्त जन्मली नाहीत, उलट डीएनएचं तुटणं किंचित वाढलेलं आढळलं. दुसऱ्यात जवळजवळ त्या पिशवीतलीच औषधं होती. ना वीर्य सुधारलं, ना डीएनए.

म्हणून आधी कारण शोधा. शिरा हाताला लागत असतील आणि रिपोर्टही बिघडलेला असेल, तर ऑपरेशनचा विचार करा. संसर्ग असेल तर त्याचा उपचार करा, तंबाखू थांबवा. आणि घाई करू नका. शुक्राणू घडायला सुमारे ७४ दिवस लागतात, वर वृषणातून बाहेर पडण्याच्या वाटेतले दिवस वेगळे. आज सिगारेट सोडून पंधरा दिवसांनी नमुना दिलात, तर तपासले जातील ते सिगारेटच्या दिवसांतलेच शुक्राणू. तीन महिने जाऊ द्या, २ ते ७ दिवसांचं अंतर ठेवून नमुना द्या, आणि तो रिपोर्ट घेऊन या.